अल्कबी : एकोणीस वर्षे काम न सापडलेले एन्झाइम

जनुक बिघडले की जिवाणू एका ठरावीक रसायनाने पटापट मरतात, जनुक धड असले की तगतात. म्हणजे त्या जनुकापासून बनणारे प्रथिन त्या रसायनाने केलेली इजा भरून काढत असणार, हे शेंबड्या पोरालाही कळेल. प्रथिन शुद्ध करून हातात आहे. त्यातल्या २१६ अमिनो आम्लांचा क्रम माहीत आहे. इजा झालेला डीएनए समोर ठेवला आहे. आणि तरीही परीक्षानळीत ते ढिम्म काही करत नाही. ई. कोलाय या जिवाणूच्या अल्कबी प्रथिनाची १९८३ ते २००२ ही वर्षे अशी गेली.

प्रकरण अभ्यासासाठी हे उदाहरण मला फार आवडते, कारण इथे कोणी ढोबळ चूक केलेली नाही. प्रयोग नीट झाले होते, करणारे त्या क्षेत्रातले मातब्बर लोक होते. डीएनए दुरुस्त करणारी एन्झाइमे कशी वागतात याचा जो अनुभव तोवर गाठीशी होता, त्यावरून प्रयोगाची एक रीत पडून गेली होती, आणि नेमकी ती रीतच अल्कबीचा घात करत होती.

आधीची पार्श्वभूमी

१९७७ मध्ये लिओना सॅमसन आणि जॉन केर्न्स यांनी दाखवले, की ई. कोलायला एमएनएनजी या घातक रसायनाचा अगदी थोडा डोस काही वेळ दिला, तर नंतरचा मोठा डोस तो सहज पचवतो. नुसता जगतो असे नाही, त्याच्यात म्युटेशनेही कमी होतात. याला अनुकूली प्रतिसाद म्हणतात.

एमएनएनजी, एमएमएस ही रसायने डीएनएवर मिथाइल गट चिकटवतात. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, एवढासा तुकडा. पण डीएनएच्या चार अक्षरांपैकी, म्हणजे अडेनिन, ग्वानिन, सायटोसिन आणि थायमिन या बेसांपैकी, कोणावर आणि कुठे तो चिकटतो यावर सगळे अवलंबून. ग्वानिनच्या सातव्या नायट्रोजनवर बसला तर फारसे बिघडत नाही. ग्वानिनच्या सहाव्या ऑक्सिजनवर बसला तर नक्कल होताना ग्वानिनसमोर सायटोसिनऐवजी थायमिन येऊन बसते आणि म्युटेशन कायमचे होते. अडेनिनच्या तिसऱ्या नायट्रोजनवर बसला तर नक्कल करणारी यंत्रणाच अडकते. आणि हे संकट केवळ प्रयोगशाळेतले आहे असेही नाही. पेशीतला एस-अडेनोसिलमिथिओनिन हा रेणू मिथाइल गट वाटण्याचे काम करतो आणि वाटता वाटता कधीमधी डीएनएलाही चिकटवून जातो.

अनुकूली प्रतिसादात चार जनुके जागी होतात: एडा, अल्कए, अल्कबी आणि एडबी. त्यांतल्या पहिल्या दोघांचा उलगडा १९८० च्या दशकातच झाला. एडा हे प्रथिन ग्वानिनवरचा मिथाइल गट उपटून आपल्याच सिस्टीन नावाच्या एका अमिनो आम्लावर घेते. तो परत निघत नाही, त्यामुळे एक रेणू आयुष्यात अशी एकच दुरुस्ती करतो. (काटेकोर बोलायचे तर त्याला एन्झाइम म्हणू नये, कारण एन्झाइम वापरून संपत नाही. पण म्हणतात सगळेच.) अल्कएचा मार्ग वेगळा: ते बिघडलेला बेस कापून टाकते, तिथे खड्डा पडतो, आणि मग दुसरी एन्झाइमे समोरच्या पेडावर बघून तो खड्डा भरतात.

थोडक्यात, दुरुस्तीच्या दोन तऱ्हा माहीत झाल्या: मिथाइल गट स्वतःवर ओढून घ्या, किंवा अख्खा बेस काढून टाका. अल्कबीकडे लोक याच दोन चष्म्यांतून बघू लागले.

जनुक सापडले, काम सापडेना

जपानमधल्या क्युशू विद्यापीठात मुत्सुओ सेकिगुची यांच्या गटाने १९८३ मध्ये अल्कबीचे बिघडलेले जिवाणू वेगळे काढले. ते एमएमएसने सहज मरत. मिथाइल गट चिकटवणाऱ्या काही इतर रसायनांनी मात्र तितके नाही. ही विसंगती तेव्हाच समोर होती आणि आज मागे वळून बघताना वाटते, की अर्धे उत्तर तिच्यातच होते. सगळी रसायने मिथाइल गटच चिकटवतात ना? मग एकाच्या बाबतीत अल्कबी लागते आणि दुसऱ्याच्या बाबतीत फारसे लागत नाही, असे का? त्याकडे आपण पुढे येऊ.

जनुकाची जागाही बोलकी होती. अल्कबी हे एडाला चिकटूनच आहे, दोघांचे बटण एकच. एडा चालू झाले की अल्कबीही चालू. १९८६ पर्यंत प्रथिन शुद्ध झाले. मग चाचण्या सुरू झाल्या. मिथाइल गट स्वतःवर घेते का? नाही. बेस कापते का? नाही. शुद्ध अल्कबी आणि मिथाइल लागलेला डीएनए एकत्र ठेवला, तरी डीएनए होता तसाच.

असे झाले की शंका दुसरीकडे वळते. कदाचित अल्कबी स्वतः काही करत नसेल, दुसऱ्या कोणा प्रथिनाला हात देत असेल. ही शंका १९९४ मध्ये बरीचशी फिटली. सॅमसन यांच्या गटाने जिवाणूचे अल्कबी जनुक माणसाच्या पेशींत घातले, तर त्या पेशी एमएमएसपुढे जास्त तग धरू लागल्या. माणसाच्या पेशीत जिवाणूची बाकीची प्रथिने कुठून असणार? म्हणजे अल्कबी एकटे काम करू शकते, किंवा त्याला जे लागते ते कुठल्याही पेशीत असते.

या दुसऱ्या शक्यतेपाशी जरा थांबायला हवे. जिवाणूच्या पेशीत आहे, माणसाच्या पेशीत आहे, फक्त परीक्षानळीत नाही, असे काय असेल?

नळीत काय होते आणि काय नव्हते

डीएनए दुरुस्तीचा प्रयोग लावताना पहिली भीती असते न्यूक्लिएजची. ही डीएनए कुरतडणारी एन्झाइमे पेशीच्या अर्कात सर्रास असतात आणि शुद्ध म्हणवणाऱ्या प्रथिनातही त्यांचा अंश राहून गेलेला असू शकतो. बहुतेक न्यूक्लिएजना मॅग्नेशियम लागते. म्हणून नळीत ईडीटीए टाकायचे. ईडीटीए धातूचा आयन खेकड्याने नांगीत धरावे तसा पकडून ठेवते, न्यूक्लिएज उपाशी मरते आणि डीएनए शाबूत राहतो. बेस कापणाऱ्या अल्कएसारख्या एन्झाइमांना किंवा एडासारख्या प्रथिनांना याचा काही त्रास नाही. त्यांच्या कामाला असा बाहेरून पुरवलेला धातू लागत नाही. त्यामुळे प्रयोगाच्या द्रावणात, म्हणजे बफरमध्ये, ईडीटीए ठेवणे ही या क्षेत्रातली शहाणी, सुरक्षित सवय होती.

अल्कबीला लोह लागते. तेही फेरस अवस्थेतले, दोन धन विद्युत्भाराचे. ईडीटीए ते काढून घेते.

बरे, ईडीटीए नसते तर काम झाले असते का? मला नाही वाटत. फेरस लोह हवेत सहज फेरिक होते आणि मग ते या कामाचे राहत नाही. त्याशिवाय अल्कबीला आणखी एक सोबती लागतो: २-ऑक्सोग्लुटारेट, पेशीला ऊर्जा मिळवून देणाऱ्या क्रेब्स चक्रातला एक लहानसा रेणू. जिवंत पेशीत तो कायम असतो, म्हणून कोणाला त्याची आठवण होत नाही. प्रथिन शुद्ध करताना मात्र असे सगळे लहान रेणू धुऊन जातात. जितके जास्त शुद्ध करावे तितके अल्कबी जास्त निकामी, असा हा प्रकार होता. डीएनए दुरुस्तीच्या नळीत क्रेब्स चक्रातला रेणू टाकून बघावा, असे कोणाला आपणहून सुचण्याचे कारणच नव्हते.

तिसरी अडचण डीएनएची. दुपेडी डीएनएवर एमएमएसने चिकटलेल्या मिथाइल गटांपैकी ८० टक्क्यांहून अधिक ग्वानिनच्या सातव्या नायट्रोजनवर असतात, सुमारे १० टक्के अडेनिनच्या तिसऱ्यावर. अल्कबी ज्या दोन इजा दुरुस्त करते (त्या कोणत्या ते पुढे येईलच) त्या मिळून पाचेक टक्केच. लोह असते, ऑक्सोग्लुटारेट असते, तरी नेहमीच्या दुपेडी डीएनएवर फरक दिसला असता तो नखाएवढा.

तीन कुलपे होती आणि तिन्ही एकाच वेळी उघडणे भाग होते. एकेक करून चाचपले असते तर प्रत्येक वेळी उत्तर ‘नाही’ असेच आले असते, आणि ‘नाही’ या उत्तरातून आपण किती जवळ आहोत हे कळत नाही.

एकपेडी विषाणूची साक्ष

तिसरे कुलूप आधी उघडले. इंग्लंडमधल्या क्लेअर हॉल प्रयोगशाळेत बार्बरा सेजविक आणि त्यांचे सहकारी यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत देखणा भाग वाटतो. त्याची दखल मात्र त्या मानाने कमी घेतली जाते.

जिवाणूंना लागण करणारे काही विषाणू, म्हणजे फेज, असे आहेत की त्यांचा डीएनए एकपेडी असतो. असे फेज घ्यायचे, बाहेरच एमएमएसमध्ये बुडवून त्यांच्या डीएनएला इजा करायची आणि मग धडधाकट जिवाणूंवर सोडायचे. ताटलीत जिवाणूंचा दुधट थर वाढलेला असतो. ज्या फेजचा डीएनए कामाचा उरला आहे तो जिवाणूत शिरून वाढतो, आजूबाजूचे जिवाणू फोडतो आणि थरात एक स्वच्छ ठिपका उमटतो. ठिपके मोजायचे. अल्कबी धड असलेल्या जिवाणूंवर आणि अल्कबी बिघडलेल्या जिवाणूंवर, दोन्हीकडे.

अल्कबी नसलेल्या जिवाणूंवर ठिपके फार कमी पडले.

यात खुबी अशी, की जिवाणूला एमएमएसचा स्पर्शही झालेला नाही. त्याचा स्वतःचा डीएनए निर्धोक आहे, प्रथिने निर्धोक आहेत. बिघाड आहे तो फक्त पाहुण्याच्या डीएनएत. त्यामुळे ठिपके कमी पडले याचा अर्थ एकच निघतो: इजा झालेला एकपेडी डीएनए हा यजमान सावरू शकत नाही. शिवाय, एकपेडी डीएनएत बेस कापून टाकायची पद्धत चालणार नाही, कारण खड्डा भरायला समोर बघून नक्कल करायचा दुसरा पेडच नाही. म्हणजे अल्कबी अल्कएच्या वाटेने जात नसणार, हेही इथेच सूचित होत होते.

आता १९८३ ची ती विसंगती आठवा. दुपेडी डीएनएत अडेनिनचा पहिला नायट्रोजन आणि सायटोसिनचा तिसरा नायट्रोजन हे समोरच्या बेसशी हायड्रोजन बंधाने जोडलेले असतात, त्यामुळे झाकलेले राहतात. पेड सुटला की ते उघडे पडतात. एकपेडी डीएनएवर एमएमएस टाकले तर सुमारे १८ टक्के मिथाइल गट अडेनिनच्या पहिल्या नायट्रोजनवर बसतात आणि सुमारे १० टक्के सायटोसिनच्या तिसऱ्यावर. दुपेडीच्या मानाने कितीतरी पट. एमएमएस ज्या प्रकारची अभिक्रिया करते ती नायट्रोजनकडे झुकते. एमएनएनजीच्या जातीची रसायने ऑक्सिजनवरही चांगलीच बसतात आणि या दोन नायट्रोजनांवर त्या मानाने कमी. सगळे धागे एका गाठीत येतात: अल्कबीचे गिऱ्हाईक १-मिथाइलअडेनिन आणि ३-मिथाइलसायटोसिन हेच असणार. डीएनएची नक्कल होताना किंवा त्यावरून आरएनए बनताना पेड काही काळ सुटे होतात, तेव्हा या इजा होतात. बेस जुळवणारा भागच मिथाइलने बुजल्यामुळे पुढची नक्कल अडते आणि जिवाणू मरतो.

इजा कोणती ते कळले. ती भरून कशी येते ते अजून कळले नव्हते.

क्रमाच्या तुलनेतून आलेला अंदाज

२००१ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय जैवतंत्रज्ञान माहिती केंद्रातले एल. अरविंद आणि युजीन कूनिन यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी नळीला हात लावला नव्हता. प्रथिनांचे क्रम एकमेकांशी ताडून पाहणे, वरवर न दिसणारे दूरचे नाते हुडकणे, हे त्यांचे काम. त्यात त्यांना दिसले, की अल्कबीचा क्रम एका मोठ्या घराण्याशी जुळतो: लोह आणि २-ऑक्सोग्लुटारेट वापरून ऑक्सिजनची अभिक्रिया घडवणारी एन्झाइमे. कोलॅजेन घट्ट करणारे एन्झाइम याच घराण्यातले. क जीवनसत्त्व नसले की त्याचे लोह कामाच्या अवस्थेत राहत नाही आणि स्कर्व्ही होतो.

क्रमाची खूण बारीक होती. हिस्टिडीन हे अमिनो आम्ल, मध्ये एक जागा सोडून अस्पार्टेट हे दुसरे, आणि बरेच पुढे आणखी एक हिस्टिडीन. हे तिघे मिळून लोह धरतात. अल्कबीत ते १३१, १३३ आणि १८७ या जागांवर आहेत. २१६ अमिनो आम्लांचा हा क्रम १९८६ पासून छापलेला होता. तुलना करायला पुरेसे क्रम आणि पुरेशी संवेदनक्षम पद्धत मात्र नंतर आली. त्याच निबंधात ईजीएल-९ या कृमीतल्या प्रथिनाबद्दलही हाच अंदाज होता. पेशीला ऑक्सिजनची कमतरता कशी कळते, त्या यंत्रणेत हे प्रथिन असल्याचे त्याच वर्षी सिद्ध झाले, आणि तो सगळा विषय २०१९ च्या नोबेलपर्यंत पोचला. एका निबंधात दोन्ही अंदाज खरे ठरणे हे भाग्य क्वचितच कोणाच्या वाट्याला येते.

अल्कबीचे कोडे संगणकाने सोडवले, असे म्हणून मोकळे व्हायचा मोह इथे होतो. मला ते पटत नाही. क्रमाने सांगितले की नळीत लोह आणि ऑक्सोग्लुटारेट घाला. कोणता डीएनए घ्या, त्यावरची कोणती इजा बघा, हे फेजच्या ठिपक्यांनी सांगितले होते. दोन्हींपैकी एकच माहिती हाती असती तर कोडे आणखी काही वर्षे तसेच पडून राहिले असते.

२००२

सप्टेंबर २००२ मध्ये ‘नेचर’मध्ये दोन निबंध पाठोपाठ छापले गेले. एक ऑस्लोचा, फाल्नेस, योहान्सेन आणि सीबर्ग यांचा. दुसरा क्लेअर हॉलचा, ट्रेविक, हेन्शॉ, लिंडाल आणि सेजविक यांचा, आणि त्यांच्यासोबत मिशिगन स्टेट विद्यापीठातले रॉबर्ट हाउसिंगर, जे याच लोहवाल्या घराण्यातल्या दुसऱ्या एन्झाइमांवर काम करत होते. या सहकार्याचे मोल मोठे. अशी एन्झाइमे नळीत जगवायची कशी याचे हातखंडे डीएनए दुरुस्तीवाल्यांकडे नव्हते.

नळीत गेले ते असे: फेरस लोहाचा क्षार, ते फेरस ठेवायला अस्कॉर्बेट म्हणजे क जीवनसत्त्वच, २-ऑक्सोग्लुटारेट, हवेतला ऑक्सिजन, मिथाइल लागलेला डीएनए आणि अल्कबी. मिथाइल गटातल्या कार्बनवर किरणोत्सारी खूण केली, की तो डीएनएवरून सुटलेला मोजता येतो. या वेळी तो सुटला. फॉर्माल्डिहाइड होऊन सुटला, आणि मागे उरले धड अडेनिन, धड सायटोसिन.

आत घडते ते असे. लोहाला २-ऑक्सोग्लुटारेट चिकटते, मग ऑक्सिजनचा रेणू येतो. ऑक्सिजनचा एक अणू ऑक्सोग्लुटारेटला मिळतो. त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि सक्सिनेट उरते. दुसरा अणू लोहावर राहतो, आणि ही लोह-ऑक्सिजनची जोडी कमालीची आक्रमक असते. शेजारीच मिथाइल गट आहे. ती त्याचा एक हायड्रोजन खेचते आणि तिथे हायड्रॉक्सिल बसवते. मिथाइल गट नायट्रोजनवर घट्ट बसलेला असतो, पाण्याने तो सुटत नाही; पण एकदा तो हायड्रॉक्सिमिथाइल झाला की टिकूच शकत नाही. आपोआप गळतो.

पेड कापला नाही, बेस फेकला नाही, नक्कल करायला दुसरा पेड लागला नाही. एडासारखे स्वतःला संपवूनही घेतले नाही. अल्कबीचा रेणू पुढच्या मिथाइलकडे वळायला मोकळा. डीएनएवरची इजा ऑक्सिडीकरणाने जागच्या जागी उलटवणारे एन्झाइम तोवर माहीतच नव्हते. सुटलेले फॉर्माल्डिहाइड स्वतः विषारी असते ही गंमत आहेच, पण ते निस्तरायला पेशीकडे वेगळी एन्झाइमे आहेत.

त्यानंतर

एकदा काय शोधायचे ते कळल्यावर शोध भराभर लागले. माणसातली दोन भावंडे, एएलकेबीएच२ आणि एएलकेबीएच३, हेच काम करतात असे २००२ मध्येच दिसले. २००३ मध्ये कळले, की अल्कबी आणि एएलकेबीएच३ आरएनएवरचा मिथाइल गटही काढतात. वनस्पतींच्या काही आरएनए विषाणूंकडे अल्कबीसारखे जनुक असते हे पाहून अरविंद आणि कूनिन यांनी ही शक्यता आधीच वर्तवली होती. माणसात असे एकूण नऊ सदस्य आहेत. त्यांतला एफटीओ स्थूलपणाशी जोडलेल्या जनुकातून येतो. तो याच घराण्यातला असल्याचे २००७ मध्ये आणि आरएनएवरच्या अडेनिनचा मिथाइल गट तो काढतो हे २०११ मध्ये कळले. ती दुरुस्ती आहे की जनुकांचे नियंत्रण, हा स्वतंत्र आणि मोठा विषय आहे.

सेजविक यांच्यासोबत काम केलेल्या टोमास लिंडाल यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सँकार यांच्याबरोबर. ते डीएनए दुरुस्तीवरच्या एकूण कामासाठी होते. अल्कबी त्यातला एक तुकडा.

वैद्यकाकडे बघायचे तर एक धागा महत्त्वाचा आहे. मेंदूच्या काही गाठींमध्ये आयडीएच या एन्झाइमाच्या जनुकात म्युटेशन असते. बिघडलेले आयडीएच २-हायड्रॉक्सिग्लुटारेट नावाचा रेणू ढिगाने बनवते. दिसायला तो २-ऑक्सोग्लुटारेटसारखाच, त्यामुळे या घराण्यातल्या एन्झाइमांत तो जाऊन बसतो आणि काम अडवतो. २०१५ मध्ये पेशींवरच्या प्रयोगांत दिसले, की एएलकेबीएच एन्झाइमे अशी अडली की अल्किलीकारक, म्हणजे डीएनएवर मिथाइलसारखे गट चिकटवून इजा करणाऱ्या, औषधांपुढे त्या पेशी लवकर नमतात. पण हाच रेणू डीएनए दुरुस्तीच्या दुसऱ्या वाटाही अडवतो, त्यामुळे रुग्णात औषधाला मिळणाऱ्या प्रतिसादाचे किती श्रेय या भावंडांच्या गप्प बसण्याला द्यायचे, हे वेगळे काढणे सोपे नाही.